न गेलेले अर्ज

हेडक्लार्क भाऊसाहेबांनी खालच्या खणातून, जुन्या फायलींच्या बुडातून, तीन अर्ज उपसले आणि टेबलावर तळव्याने सपाट केले. तिन्हींवर ‘मिळाला’ असा त्यांच्याच हातचा शिक्का होता. वरच्या कचेरीत पाठवल्याचा जावक क्रमांक मात्र एकावरही नव्हता.

अर्ज नगरपालिकेच्या प्रसूतिगृहातल्या सिस्टरचे. आई अंथरुणाला खिळलीय, तिच्या गावाजवळ बदली द्या, एवढंच मागणं. ती अर्ज आणून देई, भाऊसाहेब शिक्का मारलेली पोच तिच्या हातावर ठेवत आणि हसून म्हणत, “सरकारी काम आणि सहा महिने थांब!” सहा महिने झाले, की ती बिचारी नवा अर्ज आणी.

भाऊसाहेब काही दुष्ट नव्हते. हिच्याआधी चार सिस्टर आल्या नि गेल्या. एकीने तर सामान सोडायच्या आत गाशा गुंडाळला. प्रसूतिगृहाला कुलूप होतं त्या वर्षी भाऊसाहेबांची धाकटी बहीण बाळंतपणाच्या कळा सोसत मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच गेली. पुढे ही आली आणि तिने त्यांच्या सुनेचं अडलेलं बाळंतपण सुखरूप पार पाडलं. हिला काही झालं तरी जाऊ द्यायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं. पण ती पोच जपून पर्समध्ये ठेवू लागली, की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई.

पंधरा दिवसांपूर्वी आईला जास्त झालं म्हणून ती रजेवर गेली आणि भाऊसाहेबांचा धीर सुटला. आज त्यांनी जावक वही उघडलीच. तेवढ्यात खांद्याला पिशवी लावून सिस्टर दारात उभी.

“या, या! तुमचा अर्ज आजच जातोय. मी स्वतः नेऊन देतो. आई कशा आहेत?”

“गेली, भाऊसाहेब. मी पोचायच्या आदल्या दिवशी.”

भाऊसाहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“अर्ज आता नको. तिकडे कोण आहे माझं? राहते इथंच.”

तिने टेबलावरचे तिन्ही कागद उचलले, एकेक करून पाहिले, आणि घडी घालून पर्समध्ये ठेवले.

शेजारच्या खोलीतून नगराध्यक्ष डोकावले. “राहताय ना, सिस्टर? वा! बघा भाऊसाहेब, बाकीच्यांकडे माणूस टिकत नाही. आपल्याकडे टिकलं, ते तुमच्यामुळे हो!”

ते गेले. भाऊसाहेबांच्या कपाळावर घाम फुटला होता. सिस्टरने पिशवीतून रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं.

“बाही वर करा.”

त्यांनी केली. तिने दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, काट्याकडे पाहिलं.

“बीपी वाढलंय की बरंच.”

“सिस्टर, ते अर्ज मीच...”

“बोलू नका,” ती काट्यावरची नजर न काढता म्हणाली. “बोललं की आकडा चुकतो.”

आणि तिने पट्ट्यातली हवा सोडून पुन्हा पहिल्यापासून फुगा दाबायला सुरुवात केली.