संत्र्याचे खोड

वाउटरने छपाईचा तांब्याचा पत्रा पालथा घातला आणि मागून हलक्या हातोडीने ठोकू लागला. चित्रातले जुने खोड घासून काढल्यावर तिथे खळगा पडला होता. तो वर आल्याशिवाय नवे काही कोरता येणार नव्हते.

"झाड तोडताना नव्हता लागला इतका वेळ," त्याची बायको हेस्टर म्हणाली.

हातोडी चालूच राहिली. ऑरेंज घराण्याच्या राजपुत्राची सत्ता गेली तेव्हा वाउटरनेच हे चित्र काढले होते : हॉलंड म्हणजे कुंपण घातलेली, फाटक लावलेली बाग, आत राखणीला सिंह, आणि राजपुत्राची खूण असलेल्या संत्र्याच्या झाडाचे नुसते तोडलेले खोड. लायडनभर ते हौसेने विकले गेले. आता राजपुत्र प्रशियाच्या फौजेच्या जोरावर परतला होता, आणि नारिंगी फिती लावलेला जमाव विरोधकांची घरे फोडत हिंडत होता. वाउटर आणि हेस्टरचा मुलगा यॉरिस त्या विरोधकांच्या पलटणीतला. तो फ्रान्सला पळाला होता.

"यॉरिस काय म्हणेल?" वाउटरने विचारले.

"म्हणू दे. म्हणायला यायला घर तर उरू दे."

संध्याकाळपर्यंत नव्या खोडाला फांदी फुटली आणि तिला संत्रे लागले. ठसा निघाल्यावर हेस्टरने ओल्या कागदावरच संत्र्यात रंग भरला. तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ लुबर्ट आत आला. तो पहिल्यापासून राजपुत्राच्या बाजूचा. ते पहिले चित्र निघाले तेव्हापासून त्याने हा उंबरा ओलांडला नव्हता.

"कोपऱ्यावर आलेत, ताई. आण, खिडकीत लावतो." त्याने कागद उजेडात धरला. "झाड झकास. दाजींना जरा उशिराच सुचलं." मग त्याचे बोट कुंपणावर थांबले. "हे फाटक उघडं का, दाजी? या बागेचं फाटक कधी कोणी उघडं काढतं का? शत्रूला या म्हटल्यासारखं होतं. शेंबडं पोरही ओळखेल."

हेस्टरने वाकून पाहिले. तिने फक्त खोड बदलायला सांगितले होते.

वाउटर हत्यार पुसत राहिला.

"एक जण बाहेर आहे अजून," तो म्हणाला.

बाहेर कुठेतरी काच फुटली. पुन्हा कोरायला वेळ नव्हता. लुबर्टने चित्र खिडकीच्या काचेला चिकटवले, बाहेर जाऊन पायरीवर उभा राहिला आणि चित्रातले फाटक झाकेल अशी काचेला पाठ टेकली.

जमाव आला. राजपुत्राच्या नावाचा जयघोष झाला. लुबर्टनेही टोपी उंचावून केला.

"सरक की बाजूला," कोणीतरी म्हणाले, "चित्र बघू दे."

"झाड दिसतंय ना?" लुबर्ट म्हणाला. "तेच बघायचं."

आणि तो तिथून हलला नाही.