तिथं चप्पल चालत नाही

म्हैसूरच्या दसऱ्याची गर्दी ओसरू दे म्हणून आमचे व्याही विहीणबाईंना आणि आमच्या लेक-जावयाला घेऊन दुसऱ्या दिवशी आले. आले ते आले, गाडीच्या डिकीतनं एक थर्माकोलची पेटी काढून थेट माझ्या ओट्यावर ठेवली आणि झाकण उघडलं. आत बर्फावर लॉबस्टर होती. मिश्यांची, चांगली हातभर लांब.

अय्यो देवरे, म्हटलं, जगातलं सगळं सोडून हेच आणायचं होतं?

"वहिनी, ओळखलंत का?" शरदचंद्र व्याही म्हणाले. माणूस मालवणचा, आवाज समुद्रावर हाक मारल्यासारखा. "तुमच्या जहाजावरचं लॉबस्टर! आमच्याकडं याला शेवंड म्हणतात. वाटेत मंगळूरच्या बंदरावर ताजी मिळाली. पण आज मालवणी मसाला नाही हां. आज बटर. तुम्ही दोघांनी जहाजावर जसं खाल्लंत तसं आम्हाला खाऊन दाखवायचं."

त्यांच्या मागं आमचे हे उभे होते. खंडोजीराव. त्यांनी माझ्याकडं बघून हळूच मान हलवली, घाबरू नको म्हणून. ह्यांना वाटत होतं, आमच्या दोघांचं एक गुपित आहे आणि ते आपण सांभाळून नेऊ. बिचाऱ्यांना अर्धंच गुपित माहीत होतं. उरलेलं अर्धं माझ्याजवळ होतं.

आता तुम्हाला सांगते. माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. भाजीवाल्यानं किडकी वांगी घातली तर भर रस्त्यात त्याची आरती ओवाळते मी. जावयाला, "नील, पोट सुटलंय तुमचं," असं तोंडावर म्हणते. आणि हीच मी मे महिन्यापासनं ही एक गोष्ट गिळून बसले होते.

ह्यांचा लष्कर मोहल्ल्यात छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आणि पूर्वी एका मोठ्या हॉटेलची मेनू कार्डं. शिशाचे खिळे जुळवायचे दिवस होते तेव्हा. हे एकेक इंग्रजी अक्षर चिमटीत धरून 'लॉबस्टर थर्मिडॉर' जुळवायचे आणि घरी येऊन मला विचारायचे, "वनजा, कसं लागत असेल गं ते?" मी म्हणायची, "मला काय गोत्तु? मला काय ठाऊक? गप मटण खा." आम्ही मराठे, मटणाला कमी नाही आमच्यात. पण म्हैसुरात लॉबस्टर कुठलं खायचं? छापलं मात्र ह्यांनी जन्मभर.

ह्यांच्या साठीला आमच्या ईश्वरीनं आणि जावयानं आम्हाला जहाजाची सहल दिली. तर ह्यांचा पहिला प्रश्न काय? जहाज बुडणार नाही ना, असं नाही. "ईश्वरी, तिथं लॉबस्टर मिळतं का बघ की." पोरीनं दोन संध्याकाळी मोबाइलमध्ये डोकं घालून शोधून काढलं. वरच्या मजल्यावर आपल्या हातानं वाढून घ्यायचं जेवण असतं, तिथं नाही मिळत. खालच्या मोठ्या हॉलमध्ये, सगळे नटूनथटून येतात त्या एकाच रात्री मिळतं. तिकिटातच असतं. हे इतके खूश झाले की छापखान्यातल्या पोरांना पेढे वाटले.

जहाजावर चढल्यापासनं दिसेल त्या वेटरला विचारत सुटले, "टुडे लॉबस्टर?" ते हसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कारण तिथं ठाण्याच्या चार बायका भेटल्या होत्या, गॉगलवाल्या, आणि त्यांच्याशी माझं चांगलं जुळलं होतं. 'आमच्या ह्यांची प्रिंटिंग इंडस्ट्री आहे,' असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं. इंडस्ट्री! आमची म्हैसूरची मराठी ऐकून त्या 'किती गोड' म्हणायच्या. म्हणून मी त्यांच्यासारखं बोलायला लागले होते, जीभ दातात धरून. लॉबस्टरच्या रात्री त्यांच्याबरोबर एकाच टेबलावर जेवायचं ठरलं होतं.

ह्यांच्या डाव्या पायाचा अंगठा कधीकाळी मशिनीत चेचलाय. बूट होत नाही. ईश्वरीनं घेतलेले बूट दोन दिवस घातले आणि टाचेला फोड आले. मग त्या रात्री हे म्हणाले, "आज आपला म्हैसुरी थाट करतो." जरीकाठी पंचा, म्हणजे आमच्याकडचं धोतर, नेसले, काळा लांब कोट घातला, साठीच्या दिवशी बांधलेला पेटा डोक्यावर ठेवला, आणि पायात चप्पल. आरशापुढं उभं राहून विचारतात कसे, "कसा दिसतोय गं?"

वरपित्यासारखे दिसत होते. देवाशप्पथ सांगते, छान दिसत होते. पण माझी नजर खाली गेली. चेचलेला अंगठा, हातांच्या नखांत कायमची बसलेली शाई, आणि ती चप्पल. आणि मी माझ्या डोळ्यांनी नाही बघितलं, त्या गॉगलवाल्यांच्या डोळ्यांनी बघितलं.

खाली लिफ्टपाशी मी म्हटलं, "तुम्ही स्वल्प थांबा इथं. मी विचारून येते, चप्पल चालते का." दारापर्यंत गेले. दारातला माणूस हसून, वाकून, आत या म्हणाला. मी त्याला काही विचारलंच नाही. तशीच मागं फिरले आणि नवऱ्याला म्हटलं, "तिथं चप्पल चालत नाही म्हणतात हो."

ह्यांनी आपल्या पायांकडं बघितलं. मग म्हणाले, "होगली बिडी. जाऊ दे. तू जा. पोरीनं हौसेनं दिलंय, दोघांचंही वाया नको. मी वर दहीभात बघतो."

आणि मी गेले. नको म्हटलं नाही, थांबले नाही. गेले.

आत शेजारच्या टेबलावर आफ्रिकेकडचा कुणी म्हातारा बसला होता. पायघोळ झगा आणि पायात उघड्या चपला. मजेत जेवत होता, आणि वेटर त्याला साहेब साहेब करत होते. आमच्या टेबलावर त्या चौघी गॉगलवाल्या, आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी. वेटरनं विचारलं, "सर येतायत का?" मी म्हटलं, बरं नाही त्यांना. मग त्यानं लॉबस्टर आणलं, चमचा-काट्यानं कवचातलं मांस एका झटक्यात अख्खं उचललं, वर वितळलेलं लोणी ओतलं. मी खाल्लं. घशाखाली उतरलं नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. उतरलं. सगळं खाल्लं.

बाहेर आले तर हे लिफ्टपाशीच उभे. "ऊटा आयता? जेवलीस? कसं होतं गं?" मी सांगितलं आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला परत पाठवलं हे घरी सांगू नको हं. ईश्वरीला वाईट वाटेल. दोघांनी खाल्लं म्हणून सांग." तेव्हापासनं आम्ही दोघं तेच सांगत आलो.

तर आता टेबलावर लॉबस्टर. विहीणबाईंनी, म्हणजे सुनंदाताईंनी, लोण्यात-लसणात भाजून कवचासकट ताटात मांडली. शरदचंद्र बाह्या सरसावून म्हणाले, "हां, खंडोजीराव, करा सुरुवात! हे मांस बाहेर कसं काढायचं जहाजी पद्धतीनं?"

ह्यांनी काटा उचलला. उलटा धरला. मग सरळ केला. कवच इकडून दाबलं, तिकडून दाबलं. चाळीस वर्षं बारीक खिळे जुळवलेला हात, पण समोर काय आहे हेच माहीत नाही तर हात काय करणार? ईश्वरी बघायला लागली. "अप्पा, तुम्ही तर खाल्लंत ना तिथं?"

हे मात्र हसले. "खाल्लं की! पण मला कुठं येतंय? तिथं हिनंच सोलून दिलं मला. माझ्या ताटात हिनंच घातलं."

"वा वा वा!" व्याही ओरडले. "साठीत हे प्रेम! सुनंदा, शीक काहीतरी!"

सगळे हसले. मी ह्यांचं ताट ओढून घेतलं आणि त्या वेटरनं केलं होतं तसं मांस सोडवून दिलं. मान वर करायची हिंमत होत नव्हती.

तिथंच थांबलं असतं तर निभावलं असतं. पण शरदचंद्रांना रंग चढला होता. "ठरलं! पुढच्या मे महिन्यात चौघं जाऊ. आणि खंडोजीराव, तुम्ही तो पेटा नि पंचा घाला. फोटो कसला येईल!"

"पंचा चालेल हो," हे अगदी साधेपणानं म्हणाले. "पण बूट घ्यावे लागतील मला. तिथं चप्पल चालत नाही."

"कोण म्हणतं? आमचा मेहुणा गेल्या वर्षी धोतर नि कोल्हापुरी वहाणा घालून गेला की! तुमच्याच जहाजावर, त्याच हॉलमध्ये. आपला पोशाख सगळा चालतो. दारातला माणूस वाकून नमस्कार करतो वर."

ह्यांचा हात ताटावरच राहिला. हे माझ्याकडं बघत नव्हते. पण त्यांना कळलं. संसार केलाय मी ह्यांच्याबरोबर, मला दिसतं. आधी लिफ्ट आठवली असेल, मग मी दारापर्यंत जाऊन कशी परत आले ते आठवलं असेल. एवढंच लागलं त्यांना.

"हां, हां," ते म्हणाले. "मग माझाच काहीतरी गैरसमज झाला." आणि मी सोलून दिलेल्या मांसाचा पहिला घास तोंडात घातला. आयुष्यातला पहिला. सावकाश चावला, डोळे मिटले, गिळला. सगळे तोंडाकडं बघत होते.

"तीच चव," हे म्हणाले. "जहाजावर होती ना, तीच."

मला सहन झालं नाही. माझं तोंड! "खोटं!" मी ओरडले. "खोटं बोलताय तुम्ही! कुठली चव? खाल्लंच नाही तुम्ही तिथं. ऐका हो सगळे. ह्यांना मी दारातनं परत पाठवलं. चप्पल चालत होती. कुणी अडवलं नव्हतं, मी अडवलं. मला लाज वाटली ह्यांची. आणि मी एकटी आत बसून खाऊन आले."

"आई..." ईश्वरी एवढंच म्हणाली. नील ताटात बघायला लागला. शरदचंद्र कवचाचे तुकडे बाजूला सारत बसले. सुनंदाताई उठल्या आणि ह्यांच्या ताटात भात वाढला. "घ्या दादा, गरम आहे."

खरं सांगू? क्षणभर मला हलकं वाटलं. म्हटलं, सुटले बाई. मग ह्यांच्याकडं बघितलं. लिफ्टपाशी उभे होते तसेच दिसत होते. मान खाली. आणि घरात अनवाणीच होते ना, तर दोन्ही पाय हळूहळू ओढून खुर्चीखाली घेत होते, कुणाला दिसू नयेत म्हणून. आपल्याच घरात, आपल्याच टेबलाशी.

जेवणं उरकली. हे बेसिनपाशी हात धूत होते तिथं मी गेले. "चुकले हो मी," म्हटलं. "शिव्या द्या मला."

नळ चालूच होता. हे हळू आवाजात म्हणाले, "मी झाकलं होतं ना गं. मला कळलं होतं, तरी झाकलं होतं. जहाजावर एकटीला लाज वाटली तुला. आता व्याह्यांना, जावयाला, पोरीला, सगळ्यांना ठाऊक झालं, की ह्याची बायको ह्याला लाजते." टॉवेलला हात पुसले आणि आतल्या खोलीत गेले. मी तिथंच उभी. मला वाटत होतं मी खरं बोलले. मी फक्त माझं ओझं उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवलं होतं.

संध्याकाळी सगळ्यांना दसरा एक्झिबिशन बघायला न्यायचं आधीच ठरलं होतं. पाहुणे गाडीत जाऊन बसले. ईश्वरीनं हाक मारली. मी कुलूप-किल्ली घेऊन दारात उभी होते. हे आतनं आले. जरीकाठी पंचा, काळा लांब कोट. पेटा नव्हता. दाराशी चप्पल होती, ती पायात सरकवायच्या आधी थांबले.

"वनजा," म्हणाले, "ही घालून आलो तर चालेल ना?"

टोमणा असता तर मी सोसला असता, उलट उत्तरही दिलं असतं. पण टोमणा नव्हता. खरंच विचारत होते. आणि मी उत्तर देईपर्यंत चपलेत पाय घालत नव्हते.