डावी मूठ

“डोळे मिटा आणि धरून बघा,” मिस्त्री म्हणाला.

मीटरवाल्या काकांनी डोळे मिटून सायकलच्या मुठीवर चढवायची ग्रिप धरली. वीज कंपनीतली नोकरी संपून त्यांना बरीच वर्षं झाली होती. लोक मात्र अजून त्यांना वाटेत गाठून मीटर पळतं म्हणून तक्रार करत आणि काकाही “बघतो” म्हणत. एवढं काम त्यांच्याकडे शिल्लक होतं.

“कशी आहे?”

“मऊ आहे.”

“फोमची. लोण्यासारखी, पण लवकर भुगा होतो तिचा. आता ही धरा. हिला मागे पसरट पान आहे बघा, तळहात टेकायला. लांबच्या पल्ल्याला हीच. रोज किती चालवता?”

“किती का चालवीना. हाताला मुंग्या येतात.”

“दोन्ही?”

“डाव्या.”

मिस्त्रीने सायकलकडे पाहिलं. उजवी मूठ दुकानातून आल्यासारखी चकचकीत होती. डावी झिजून आतली नळी दिसायला लागली होती. सीटवर, बंद खोलीतल्या रेडिओवर बसते तशी धूळ होती. पण मिस्त्रीला त्या वेळी स्वतःचंच दुखणं मोठं होतं.

“काका, एक बोलू? राग मानू नका. तुम्ही रोज सायकल हातात धरून जाता. कोणी विचारलं की म्हणता, पंक्चर.”

“म्हणतो.”

“रोज पंक्चर? आणि सायकल दुरुस्तीला कुणाकडे, तर माझ्याकडे. परवा कोपऱ्यावरचा औषधवाला तोंडावर म्हणाला, तुझ्या ठिगळात काही राम नाही. त्याने मुलीची सायकल दुसरीकडे टाकली. आणि मी तुमचं टायर दाबून बघतो तर दगडासारखं टणक. माझ्या पोटावर पाय का देता?”

काका स्टुलावर बसले. बसताना गुडघ्यांनी नेहमीसारखी कुरकुर केली.

त्यांच्या मुलाने काठी आणून दिली होती. चांगली, गुळगुळीत लाकडाची. ती घरी दाराआड छत्रीशेजारी लटकत होती. काकांचं तिच्याशी काही वैर नव्हतं. एवढंच, की काठी घेतलेला माणूस म्हातारा दिसतो आणि सायकल हातात धरून चालणारा नुसता कमनशिबी दिसतो. त्याला कोणी दंडाला धरून रस्ता ओलांडून देत नाही. लोक “पंक्चर का?” विचारतात, चुकचुकतात आणि आपल्या कामाला जातात. हा हिशेब काकांनी नीट केला होता. आपल्या पंक्चरचं पाप दुसऱ्याच्या माथी बसेल, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यांनी दोन्ही ग्रिप पुन्हा हातात घेतल्या. बराच वेळ उलटसुलट करून पाहिल्या.

“यातली उभ्याने धरायला कुठली बरी?”

“उभ्याने म्हणजे?”

“म्हणजे चालताना. टेकून.”

मिस्त्रीने डाव्या बाजूला पानवाली ग्रिप चढवली. काकांना शेजारी उभं केलं, भार टाकायला लावला, पान जरा वर फिरवलं, पुन्हा भार टाकायला लावला. शिंपी बाही लावतो तसं त्याचं चाललं होतं.

“आता?”

“आता बरं आहे.” काका म्हणाले, “औषधवाल्याला मी सांगून येतो.”

“काय सांगाल?”

काका नव्या पानावरून अंगठा फिरवू लागले.

“राहू द्या,” मिस्त्री म्हणाला. “यापुढे चेन पडली म्हणा. चेन कारखान्यातून येते, तिच्याशी माझा संबंध नाही.”

“चेन पडली.”

“थोडं वैतागून म्हणा. रोजचंच झालंय, असं.”

“ते जमेल.”

मिस्त्री खाली वाकला, तेव्हा त्याला काकांच्या वर सरकलेल्या पायजम्याखालची नडगी दिसली. काळीनिळी झाली होती.

“हे डावं पायडल काढून टाकू का? सारखं लागत असणार. नाहीतरी आता...”

काकांनी पायडलकडे पाहिलं. काढलं असतं तर चालणं खरंच सोपं झालं असतं.

“नको.”

“अहो, नडगी बघा तुमची.”

“एका पायडलची सायकल असते का कुठे?” काका म्हणाले.

दुकानाच्या उतारावर पायडल नडगीला लागलं. काका थांबले. त्यांनी पायानेच ते मागे सारलं, हाताखालचं नवं पान एकदा चाचपलं आणि रस्त्याला लागले.