बंद घरातला लाल डोळा

“उघडला! परत उघडला!”

सहदेवच्या बंद घरासमोर जमलेली माणसं एकदम मागे सरली. ओटीच्या भिंतीवर, गेल्या पावसाळ्याआधी बसवलेल्या नव्या पांढऱ्या मीटरच्या पोटात एक लाल ठिपका क्षणभर पेटला आणि विझला. दाराला कुलूप होतं. आत माणूस नाही, पंखा नाही, टीव्ही नाही. तरीही मिनिट-दीड मिनिट गेलं की तो डोळा उघडायचा आणि मिटायचा. शिमग्याला मुंबईहून आलेले धट्टेकट्टे बाप्ये, गोदीत पोती उचलणारे, रात्रपाळीला टॅक्सी हाकणारे. पण त्या मोहरीएवढ्या ठिपक्यापुढे सगळ्यांची बोबडी वळली होती. स्वतःच्या घरात पाऊल टाकायची कोणाची छाती नव्हती. सगळे समाजमंदिरात वळकट्या टाकून निजत होते.

चंद्रभागा फणसाखाली एकटी उभी होती. कालपर्यंत तिच्या कमरेला कोंडावरच्या, म्हणजे त्या डोंगरवाडीतल्या, सगळ्या बंद घरांच्या चाव्या असायच्या. काल संध्याकाळी हैबती भगताने त्या चारचौघांत तिच्याकडून काढून घेतल्या आणि सहदेवकडे दिल्या. तेव्हापासून कंबर हलकी आणि छाती जड झाली होती. विहिरीवर तर आठवडाभर आधीपासूनच, ती गेली की बायका कळश्या उचलून बाजूला होत. आज सकाळी तर तिच्या उंबऱ्यावर सुया टोचलेली, कुंकू लावलेली लिंबं पडली होती. कोणी ठेवली तेही तिने खिडकीतून पाहिलं होतं. ते तिने कोणाला सांगितलं नाही.

उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या या सडेकोंडाची रीत जुनी. पोटामागे मुंबईला जायचं तर खुशाल जा, घराला कुलूप लाव, पण देव अंधारात ठेवायचा नाही. म्हणून प्रत्येक बंद घरातल्या देव्हाऱ्यात एक बारीक लाल बल्ब रात्रंदिवस पेटता असायचा. चंद्रभागा रोज सकाळी एकेक घर उघडायची, झाडायची, देवाला फूल ठेवायची. जुन्या काळ्या मीटरची चकती या बल्बाला कधी हललीच नाही. त्यामुळे देवाच्या दिव्याला मीटर लागत नाही, यावर साऱ्या कोंडाचा विश्वास होता. अहो, सरकारसुद्धा देवाला भितं, असं म्हातारे अभिमानाने सांगत.

मग नवे मीटर आले. लाल डोळा मिचकवू लागला आणि बंद घरांच्या बिलावर चक्क युनिट पडू लागले. रिकाम्या घरात वीज कोण खातंय?

नेमकं याच सुमाराला पलीकडच्या वाडीतल्या हैबतीच्या अंगात येऊ लागलं. हा गडी आदल्या उन्हाळ्यापर्यंत ठेकेदाराच्या माणसांबरोबर मीटरच्या पेट्या डोक्यावरून वाहत होता. आता कपाळभर शेंदूर, गळ्यात कवड्या, हातात वेताची छडी.

“खांबावरच्या, तारेवरच्या, फेजवरच्या, न्यूट्रलवरच्या! सोड घर, धर वाट! फट्!”

मंत्रात फेज आणि न्यूट्रल कुठून आले, हे विचारायला कोणी धजलं नाही. उलट भगताला विजेचीही भुतं कळतात म्हणून माणसं चाट पडली. गणपतीला मुंबईहून आलेल्या गोमाजीने घराची बाधा काढायला बोकड दिला, बायकोच्या पायातले चांदीचे तोडे दिले. हैबती एकटाच त्याच्या घरात शिरला, आतून आरोळ्या ठोकल्या, बाहेर येऊन दाराला काळा दोरा बांधला. “सव्वा वरीस दार उघडायचं नाय. उघडाल तर रक्त ओकाल.” आणि खरोखर, गोमाजीच्या मीटरचा डोळा मिटला तो मिटलाच. पुढचं बिल शून्य युनिटाचं आलं. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

आज हैबतीने पुढचा डाव टाकला. त्याने बिलं मागवली आणि एक बिल छडीच्या टोकावर उचलून धरलं.

“ह्या चंद्रभागेचं. बारा महिने हितं राहती, रोज दिवा जाळती, आन बिल बघा, येवढंसं! आन तुमची घरं कुलपात, बिल तिच्या पाचपट! आरं, तिच्या दिव्याचं खाणं तुमच्या घरातनं जातंय. चाव्या कुणाकडं व्हत्या? बोला!”

मग एक बाई कुजबुजली, “माझ्या सुनेचा गर्भ गेला, तवा हीच आलेली झाडायला.” दुसरी म्हणाली, “माझी म्हस आटली.” बघता बघता कोंडातलं वर्षभराचं सगळं दुःख चंद्रभागेच्या पायाशी येऊन पडलं.

“माझा पोरगा दोन महिने फीवरनं झोपलेला हाय,” सहदेव म्हणाला. तो मुंबईकर मंडळाचा म्होरक्या. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून याच चुलतीने त्याला वाढवला होता. आता तो तिच्याकडे न बघता बोलत होता. “काकी, तू घर सोड. पालखी उठायच्या आत. नायतर ही लोकं काय करतील, मला कंट्रोल नाय व्हनार.”

“कुठं जाऊ रे?” चंद्रभागेने विचारलं. गर्दीतून कोणीतरी दगड उचलल्याचा आवाज झाला. ढोल वाजत होता तो थांबला. तिला वाटलं, आता आपलं काही खरं नाही.

“जायचं कुठे ते नंतर बघू. आधी मला ती बिलं दाखवा.”

पायवाटेने धापा टाकत सरोजबाई वर आल्या होत्या. पोलादपूरच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत. चंद्रभागा दर वर्षी त्यांच्याकडे नाचणी पोचवायची. परवा नाचणी ओतताना ती रडली होती आणि बाईंनी सगळं विचारून घेतलं होतं. पण त्या खरंच येतील असं तिला वाटलं नव्हतं.

“बाई, तुमी शिकलेली मान्सं. ह्या लाइनीत पडू नका,” हैबती गुरगुरला.

“लाइन विजेची आहे ना? मग थोडी माझीही आहे.” बाईंनी बिलं घेतली, चष्मा वर सारला. “चंद्रभागामावशींनी तुमच्यापेक्षा जास्तच युनिट जाळलेत. पण त्यांच्या घरात एकच दिवा आणि नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत. अशा कमी वापराच्या घरांना दर वेगळा, अगदी स्वस्त. तुमची घरं साध्या दरातली. तुमचा युनिट महाग आणि वर दर महिन्याचा स्थिर आकार. मुंबईत खानावळीचा डबा लावता ना? गावाला गेलात म्हणून खानावळवाला महिना माफ करतो का? तसंच हे. दोन बिलं शेजारी ठेवायची तर नुसता शेवटचा आकडा बघून चालत नाही, दर कुठला तेही बघावं लागतं.”

“आन युनिट?” सहदेव म्हणाला. “कुलपातल्या घरात युनिट कोन खातो?”

“तेच बघतेय. हे घर सात, हे सात, तुझंही सातच. अहो भगत, तुमचं भूत प्रत्येक घरी मोजून सारखंच कसं जेवतं? आणि हे मुरारीचं बिल शून्य युनिटाचं, त्याच्या घरी ते उपाशी का राहतं? त्याच्या दाराला तर काळा दोराही नाही.”

“मी देव मुंबईला नेले, बाई,” मुरारी मागून म्हणाला. “देव्हारा रिकामाच हाय.”

बाईंनी बिलं मिटली. मग म्हणाल्या, “सहदेव, दार उघड.”

“उघडू नका! मुडदं पडतील!” हैबती किंचाळला. सहदेवने जुडग्यातली चावी कुलपाला लावली. गर्दी पार अंगणाच्या कडेपर्यंत मागे गेली. चंद्रभागा मात्र जागची हलली नाही, तिला आता घालवायला काही उरलंच नव्हतं.

दार करकरलं. देव्हाऱ्यात लाल बल्ब जळत होता.

“हा काढ. आणि मुरारी, तू मीटरकडे बघत राहा.”

सहदेवने बल्ब पिळून काढला. मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. डोळा उघडला नाही. बाईंनी बल्ब परत लावायला सांगितला आणि थोड्या वेळाने मुरारी ओरडला, “उघडला!”

“हे तुमचं भूत. पंधरा वॅटचं,” बाई म्हणाल्या. “जुना मीटर जड होता, एवढीशी वीज त्याला कळतच नव्हती. नवा मीटर थेंब न थेंब मोजतो आणि ठरावीक वीज गेली की लाल दिवा मिचकवतो. भारनियमनाचे तास सोडून महिनाभर हा बल्ब जळला की सात युनिट होतात. हिशेब शाळेतली पोरंही करतील. चला, आता गोमाजीचं घर.”

हैबती वाटेला लागला होता, मुरारीने त्याचं मनगट धरलं. गोमाजीने डोळे मिटून काळा दोरा तोडला. रक्त कोणी ओकलं नाही. आत मिट्ट काळोख होता. देव्हाऱ्यातला बल्ब दोन आटे सैल करून ठेवलेला. गोमाजीने तो पिळला. लाल उजेडात धुळीने माखलेले देव दिसले आणि बाहेर मीटरचा डोळा उघडला.

“माझं देव,” गोमाजी एवढंच म्हणाला. “महिनं न् महिनं काळोखात बसवलंस रं, हैबत्या?”

मगाशी चंद्रभागेसाठी उचललेले दगड आता हैबतीकडे वळले. बाई मध्ये पडल्या. “दगड खाली टाका! याला पोलीस ठाण्यात न्या, तोडे परत मागा. पण मला तुमच्याशीच बोलायचंय. भीती सगळ्यांना वाटते, त्यात लाज नाही. पण भीती वाटली की आधी दार उघडून आत बघावं, काय चालतं आणि कशाने चालतं ते तपासावं. तुम्ही दार उघडलं नाहीत आणि एका माणसाला मात्र घराबाहेर काढायला निघालात. हा गेला तरी उद्या दुसरा येईल, वेगळा मंत्र घेऊन. तेव्हा मी इथे नसेन.”

सहदेव चाव्यांचा जुडगा घेऊन चंद्रभागेपुढे आला. “काकी, ह्या घे. चुकलो गो.”

तिने हात पुढे केला नाही. “घेईन. पन आधी माझ्या उंबऱ्यावरची लिंबं उचल. सकाळी ठेवताना बघितलाय मी तुला.”

सहदेव खाली मान घालून तिच्या दारापर्यंत गेला. वाकला. लिंबावर हात आला आणि तिथेच थांबला. बल्बाचं सगळं समजलं होतं, तरी बोटं पुढे जाईनात. सारा कोंड बघत होता. मग त्याने लिंबू उचललं, एकेक सुई उपटली. चंद्रभागेने ते धुऊन, कापून तांब्यात पिळलं, साखर ढवळली.

“बाई चढ चढून आल्यात, त्यांना सरबत देयाचं हाय,” ती म्हणाली. “पयला घोट तू घे.”

सहदेवने डोळे मिटले आणि तांब्या तोंडाला लावला. माणसं वाट बघत राहिली. काहीच झालं नाही. तेव्हा कुठे चंद्रभागेने चाव्यांसाठी हात पसरला.