अर्धा स्लॅब

सोजराबाईनं मिक्सर बंद केला तेव्हा उत्तमसिंगच्या नव्या घराचा स्लॅब बरोबर अर्धा ओतून झाला होता. इंजिन चालू करायचं हँडल तिनं मांडीवर घेतलं आणि कडुलिंबाखाली जाऊन बसली. टोळीतल्या बाराही बाया घमेली पालथी घालून तिच्याभोवती बसल्या.

अकरा वर्षांत ती फार वर आली होती. आधी डोक्यावर घमेलं, मग माल कालवणं, मग बायांची मुकादमी, आणि दोन हजार पाचला स्वतःचा मिक्सर. वसमतमध्ये लोक म्हणत, बाई हिकमती आहे. हिकमत कसली डोंबलाची, नुसता राग होता. त्या रागावरच ती एकेक पायरी चढली.

शहाण्णव साली उत्तमसिंग मुकादम होता आणि ती त्याच्या हाताखाली. एका गोदामाचा स्लॅब चालू असताना कुरुंद्याहून सासूचा, जिवनबाईचा निरोप आला. तीन वर्षांच्या लेकीला, दिपालीला जुलाब-उलट्या सुरू झाल्यात, असशील तशी ये. सोजराबाईनं हात जोडले.

"स्लॅब मधी सोडता येत न्हाई," उत्तमसिंग म्हणाला. "सांधा राहिला की छत गळते. गेलीस तर तुज्या नवऱ्यालाबी उद्यापून येऊ नको म्हणावं."

ती घमेली वाहत राहिली. दिवेलागणीला कुरुंद्यात उतरली तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या. आपण घमेलं तिथंच का फेकलं नाही, याबद्दल तिनं स्वतःलाही कधी माफ केलं नाही.

आता उत्तमसिंग ठेकेदार झाला होता. "माझ्याच हाताखाली तयार झाली बाई," असं चारचौघांत मिरवत त्यानं घराचा स्लॅब तिला सांगितला. तिनं हसून होकार दिला, विसाराचे पैसे मात्र आगाऊ घेतले नाहीत.

तो धापा टाकत वरून खाली आला.

"काय झालं? डिझेल संपलं का?"

"न्हाई."

"मग काहून थांबली? सांधा राहील ना!"

"मालूम हाय," सोजराबाई म्हणाली. "तुमी माझं काय केलं, ते तुमच्या तोंडानं सांगा. बराबर सांगितलं की मशीन चालू करते."

उत्तमसिंगचा हात दगडाखाली सापडला होता. सकाळी नारळ फुटलेला, शेजारच्या जुन्या घरात आचारी बुंदी पाडत बसलेला, शेजारीपाजारी बघत उभे. त्यानं दोन टोळ्यांना फोन लावले, दोन्हीही दुसरीकडे कामावर होत्या. ऊन चढत होतं आणि वरचा माल आवळत चालला होता.

"हजेरी कापली व्हती का तुजी?"

"ती माझी," मागून मिराबाई म्हणाली.

"मग परांचीवरून पडलीस तवा दवाखान्यात नेलं न्हाई, ते?"

"ती मी व्हते," म्हणत शिवकन्यानं आपला वाकडा हात वर केला.

"चोर म्हणून झडती घेतली, ते?"

"ती माझी माय," अनुसूया म्हणाली.

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, या बाबाच्या मनात तर पौर्णिमाच निघाली. शेजाऱ्यांनी तोंडावर हात ठेवले. त्याची बायको दारात आली आणि ऐकून आत निघून गेली. सोजराबाई दर वेळी नाही म्हणून मान हलवी आणि दर वेळी तिला वाटे, आता पुढचं तेच निघेल. निघालं असतं तर तिनं खरंच मशीन चालू केलं असतं, दिपालीची शपथ घेऊनच ती आली होती.

तासाभरानं त्याचं सगळं सांगून संपलं. "आणखी काईच न्हाई. देवाशपथ."

तो खोटं बोलत नव्हता. त्यानं काही लपवलं नव्हतं. अकरा वर्षं जे ती उराशी घेऊन झोपली, ते याच्या गावीही नव्हतं.

"सोजराबाई, तुमीच सांगा आता. पाया पडतो तुमच्या."

दिपालीचं नाव तिच्या ओठांपर्यंत आलं. पण ते याच्या कानावर घालायचं म्हणजे लेकरू पुन्हा याच्याच हवाली करायचं. ती उठली.

"चला गं," ती बायांना म्हणाली. "आजची रोजी माझ्या पदरची."

मिक्सर ट्रॅक्टरला जोडून त्या निघाल्या.

पुढं कित्येक दिवस उत्तमसिंग तिला भेटेल तिथं गाठायचा, कधी बसस्टँडवर, कधी हळदीच्या बाजारात. घराचं त्याला आता काही पडलं नव्हतं. "मला झोप न्हाई बाई. काय केलं व्हतं मी, येवढं सांगा." सोजराबाई म्हणायची, "आठवा." एकदा तो भर रस्त्यात रडला. तिला फार बरं वाटलं.