बारावी सही

घरी आल्यावर पहिले आठ दिवस मी नुसती चहाचे कप नेऊन देत होते. ज्याला त्याला मला बघायचं होतं. आत्या म्हणाली, "शिर सलामत तर पगडी पचास." आई प्रत्येकाला सांगायची, "वाळली बघा किती." बाबा अर्धवट राहिलेल्या सेमिस्टरचे मार्क कुठून मिळतील याच्या मागे लागले होते. कुणी विचारलं, भीती वाटली का गं, की मी नाही म्हणायचे, आणि ते खरंच होतं. मला काहीच वाटत नव्हतं. दात काढताना भूल देतात, मग आपलाच ओठ चावला तरी कळत नाही, तसं काहीतरी अंगभर झालं होतं.

आमच्या कॉलेजने मला एक्स्चेंजवर सहा महिन्यांसाठी परदेशी पाठवलं होतं. अकराव्या आठवड्यात तिथलं सरकार पडलं की पाडलं, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

माझं काम तळघरातल्या रंगांच्या प्रयोगशाळेत. पत्र्याच्या पट्टीवर रंगाचा हात द्यायचा, वाळू द्यायचा, ब्लेडने उभ्या-आडव्या चिरा पाडायच्या आणि वर चिकटपट्टी लावून ओढायची. किती रंग निघतो ते लिहायचं. दाराशी एक वही असे. आत जाताना सही, बाहेर पडताना सही. ती वही लॅबच्या तंत्रज्ञाच्या ताब्यात होती. साठीचे, पोट सुटलेले, थिनरच्या वासाचे गृहस्थ. मी त्यांना सवयीने काका म्हटलं. अर्थ सांगितल्यावर ते इतके खूश झाले, की दारावरच्या पाटीखाली त्यांनी तो शब्द आपल्या लिपीत लिहून टाकला. रोज पाच वाजता ते शेवटच्या नावाखाली रेघ ओढत, आकडा लिहीत आणि मगच कुलूप लावत.

आता, वही म्हटलं की आमच्यासारख्यांना एकच गोष्ट कळते: हजेरी. पंचाहत्तर टक्के भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. आमच्या वर्गात एकेक जण चार-चार जणांच्या सह्या ठोकतो, आणि त्याला मैत्री म्हणतात.

तिथे माझ्या टेबलावरचा जोडीदार सकाळी उठायचाच नाही. मी त्याचं नाव कुंभकर्ण ठेवलं होतं. एकदा तो फारच कुरकुरला, तेव्हा मी म्हटलं, "एवढं काय त्यात? मी करते की तुझी सही." त्याला आधी समजेचना. दुसऱ्याची सही दुसरा कशाला करेल? मी करून दाखवली. तो म्हणाला, "माझ्यापेक्षा तुलाच छान जमते." मला तेव्हा अभिमान वाटला होता.

अकराव्या आठवड्यातल्या त्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज आला, रस्ते बंद आहेत, बघतो, तोवर माझी सही कर. मी केली. वहीत बारावी. दुपारी बाहेरच्या चौकात घोषणा वाढल्या. मग वरच्या अरुंद खिडकीची काच फुटली आणि पेटती बाटली थेट थिनरच्या कपाटापाशी पडली. भोंगा वाजला. आम्ही जिन्याने पळालो. काका सगळ्यांत शेवटी, काखेत वही घेऊन.

अंगणात त्यांनी आम्हाला दिव्याच्या खांबापाशी उभं केलं आणि वही उघडून नावं वाचायला सुरुवात केली. तेव्हा मला कळलं ती वही कशासाठी होती. अकरा आठवडे मी हजेरी समजत होते, आणि ते रोज आत किती जीव आहेत ते लिहून ठेवत होते.

कुंभकर्णाचं नाव त्यांनी दोनदा पुकारलं.

मी सांगणार होते. देवाशप्पथ सांगणार होते. पण सगळ्यांसमोर नको, यादी संपली की बाजूला घेऊन सांगू, असं मनात आलं. आमच्याकडे प्रॉक्सी पकडली गेली की मुलं असंच करतात, सरांना एकटं गाठतात. यादी संपायची त्यांनी वाटच पाहिली नाही. वही माझ्याच हातात दिली, रुमाल तोंडाला लावला आणि पुन्हा जिन्याकडे वळले. मी ओरडले, "काका!" त्यांनी मागे न बघता हात वर केला. येतो, अशा अर्थाने.

कुंभकर्ण घरी झोपला होता.

दुसऱ्या दिवशी अकराला आम्हा परदेशी मुलांना घरी पाठवायला विमानतळाची बस होती. त्याआधी मी दवाखान्यात गेले. काकांच्या घशात नळी होती, डावा हात पूर्ण गुंडाळलेला. उजव्या हाताची तीन बोटं मोकळी होती आणि उशीपाशी पाठकोरे कागद. सगळं सांगायचं मी वाटेत पाठ करून आले होते. मला बघून त्यांनी पेन्सिल उचलली. लिहिलं, "बारावा?"

"बाहेर आहे," मी म्हणाले.

एक शब्दही खोटा नव्हता. तो बाहेरच होता. काकांनी डोळे मिटले. मग उघडले, कागदावर बाराचा आकडा काढला आणि वर रेघ ओढली. वाकडी आली. मी बसला वेळेवर पोहोचले.

घरी आल्यावर मी त्यांना पत्र लिहायला घेतलं. चारदा. प्रत्येक वेळी वाटायचं, आता नको, बरे होऊ देत, मग सांगू. पुन्हा तेच. यादी संपली की बाजूला घेऊन.

कॉलेज सुरू झालं. तिसऱ्या दिवशी सर हजेरी घेत होते आणि मांडीवर फोन उजळला. कुंभकर्णाचा मेसेज होता. "काका आज सकाळी गेले. काल मी भेटायला गेलो होतो. मला बघून खूप रडले. माझा हात सोडत नव्हते."

"सदतीस," सर म्हणाले. तो माझा नंबर. मला ऐकू आलं. तोंडही उघडलं होतं बहुतेक.

"सदतीस?"

मागच्या बाकावरच्या मैत्रिणीने सवयीने खाली वाकून, माझ्या आवाजात म्हटलं, "येस सर."

सरांनी वर न बघता खूण केली आणि अडतीस म्हणाले.