रणधवलच्या छातीतला खिळा

रणधवलचा पाचवा भाग वाचून पद्मजाबाईंनी पुस्तक मिटलं, तेव्हा लेखक समोर असता तर त्यांनी त्याला बाकावर उभा केला असता. वर्षभर वाट पाहायला लावून गड्यानं वाचकांच्या हातावर तुरी दिल्या होत्या.

रणधवल म्हणजे रक्त पिणारा सरदार. दिवसा तळघरातल्या पेटीत निजायचा, अंधार पडला की उठायचा, आणि मृणालिनीवर जीव जडल्यापासून तिच्या मानेकडे बघताना स्वतःचाच ओठ चावायचा. चार भाग हे असं चाललं होतं आणि फार छान चाललं होतं. पाचव्यात लेखकानं कुठूनसा एक डॉक्टर आणला. त्या डॉक्टरनं पेटी उघडून रणधवलच्या छातीत लोखंडी खिळा ठोकला, तोही एका ओळीत. मृणालिनी चार आसवं ढाळून डॉक्टरच्या मोटारीत बसली, आणि पुढे पुस्तकभर डॉक्टर सोनं पळवणाऱ्या चोरांच्या मागे धावत सुटला. रणधवलचं नावसुद्धा नाही.

नुसतं स्वतःपुरतं असतं तर बाई दोन दिवस चरफडल्या असत्या आणि विसरल्या असत्या. पण वडिवळ्याला बायका वाट बघत होत्या.

बाई तळेगावच्या. वडिवळ्याच्या शाळेवर आल्या त्या पहिल्या वर्षी त्यांच्याशी कुणी मोकळेपणी बोलत नसे. बायका पदर सावरून वाट सोडायच्या, की झालं. शाळा सुटली की खोली आणि कंदील. मग भात झोडून झाल्यावर म्हाताऱ्या पुतळाबाईंच्या ओट्यावर बायका लग्नसराईच्या पत्रावळी लावायला बसल्या, तेव्हा बाईंनी धीर करून रणधवलचा पहिला भाग मोठ्यानं वाचला. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी घोंगडी अंथरलेली होती. आता चिमाबाई वालाची आमटी आणून द्यायची, सावित्राबाई नवऱ्याची गाऱ्हाणी सांगायची. रणधवलच संपला तर ओट्यावरची बैठक मोडणार, आणि आपण पुन्हा खोलीत एकट्या. नवं पुस्तक घेऊन परतताना ही भीती कामशेत स्टेशनापासून गावापर्यंत त्यांच्यासोबत चालत आली.

शेवटी त्यांनी लबाडी करायची ठरवली. पुस्तक डोळ्यांपुढे धरलं आणि डॉक्टरला वगळून मनाचंच वाचू लागल्या. मृणालिनी तळघराच्या पायऱ्या उतरली, रणधवलनं तिचा हात हातात घेतला, वगैरे. मुलांच्या शुद्धलेखनाला रागे भरणाऱ्या बाई बिनदिक्कत थापा मारत होत्या, आणि त्यांना ते बरंही वाटत होतं.

पुतळाबाईंनी पळसाच्या पानाला काडी टोचता टोचता मान वर केली.

"बाई, पान उलटा की. कवाधरनं त्येच हाय."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं, डॉक्टर, खिळा, मोटार. ओट्यावरचे हात थांबले. चिमाबाईनं पदर डोळ्यांना लावला. सावित्राबाईनं डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पुतळाबाईंनी मात्र एवढंच विचारलं, की तो खिळा पुढं कुणी काढला का.

"काढायचा कशाला? मेला ना तो," बाई म्हणाल्या.

"खिळ्यानं कुटं भूत मरतंय व्हय? खिळ्यानं त्येला बांधत्यात. आमच्या येशीवरच्या चिंचंत न्हाई का मुंजा बांधलाय? तुमच्या डागदरानं त्येला निस्ता बांधून ठिवलाय."

ओट्यावर एकदम जीव आला. खिळा उपसला की रणधवल उठणार, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. उपसायचा कुणी, यावर वाद झाला, तोही पुतळाबाईंनी मिटवला. जिचा आहे तिनं उपसायचा. आणि उठल्यावर तो तिची मान धरील त्याचं काय? त्यावर सावित्राबाईचं म्हणणं पडलं की मुळात चुकलं तेच. एवढ्या चार भागांत त्याला कुणी जागा दिली नाही. वेशीवर एक शेंदराचा दगड मांडावा, वर्षाला एक कोंबडं द्यावं, मग तो कशाला कुणाच्या मानेला लागतोय, उलट गाव राखील. लेखकाला पाच भागांत जे सुटलं नव्हतं ते बायकांनी एका पत्रावळीत सोडवलं. बाई पोट धरून हसल्या.

"मंग फुडं?" चिमाबाईनं विचारलं.

बाईंचं हसू विरलं. पुढं काही नाही, पुस्तकात डॉक्टरच आहे, त्या म्हणाल्या. आता तुम्ही यायच्या नाहीत, हेही तोंडून निघून गेलं.

पुतळाबाईंनी घोंगडीवरचा पाचोळा हातानं झटकला आणि पानांचा एक गठ्ठा बाईंच्या पुढ्यात सरकवला.

"आमी काय पुस्तकाकडं बघून बसतो व्हय? त्ये ऱ्हाऊ द्या. तुमी बसा, आन् सांगा."

बाईंनी एक पान उचललं, पुस्तक घोंगडीखाली सारलं, आणि मृणालिनीला मोटारीतून खाली उतरवलं.